व्हर्लिनला काय वाटेल

दुसऱ्या कोपऱ्यावर वळलो तोवर उमेदवार फोंटेनोचा निकाल लागला होता.

"पोरगा गुणी आहे," आर्डिस म्हणाली. "बोलतो छान, दात छान, बायको छान. पण अध्यक्षांच्या समोर उभा राहिला की कसा दिसेल सांगू? सणाच्या जेवणाला मुलांच्या टेबलावरून उठून मोठ्यांच्या टेबलावर येऊन बसल्यासारखा. ऊठ असं कुणी म्हणणार नाही, पण बटाट्याचं भांडंही त्याच्याकडे कुणी सरकवणार नाही."

"म्हणजे बाद?"

"बाद. चल, वारा पाठीवर आहे तोवर गव्हर्नर उरकून घेऊ."

एका मैलाला एक उमेदवार, असा तिचा शिरस्ता होता. आमच्या आयोवातले रस्ते चौकटीच्या वहीसारखे आहेत, दर मैलाला एक उभा आणि एक आडवा. एका चौकोनाला वळसा घातला की बरोबर चार मैल होतात. आर्डिस टॉलेफ्सन एक्क्याऐंशीव्या वर्षीही रविवारी चर्चमधून आली की हा वळसा घालायची, आणि नऊ वर्षं मी तिच्याबरोबर चालत होते. गाडीने गेलं तर तोच चौकोन सहा मिनिटांत संपतो. "मग विचार कधी करायचा?" असं ती म्हणायची.

तो फेब्रुवारीचा पहिला रविवार होता. खडीचा रस्ता गोठून कडक झालेला, दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची खुंटं बर्फातून डोकी काढून उभी. आर्डिसच्या अंगात तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, ओरिनचा, जाड तपकिरी कोट होता. माझ्या हातात सिनॅमन रोलचा, म्हणजे दालचिनीच्या गोड पावांचा, पत्र्याचा डबा. तो तिसऱ्या कोपऱ्यावर राहणाऱ्या व्हर्लिनला द्यायचा होता. व्हर्लिन म्हणजे ओरिनचा धाकटा भाऊ, आर्डिसचा दीर. इथे दिराला दीर म्हणत नाहीत, वडीलधाऱ्यांनाही नावानेच हाक मारतात, त्यामुळे माझ्याही तोंडी सगळ्यांना अरे-तुरेच बसलं आहे.

थंडीत चालताना मी मनातल्या मनात स्तोत्र म्हणते, पावलांना ठेका मिळतो. माझे ओठ हलताना आर्डिसला दिसले.

"तुझ्या देवालाच विचार ना, यातला कोण जिंकेल ते."

"त्याचं नाव इथल्या यादीत नाही."

"अजून नागरिक नाही झाला?"

"मला व्हायलाच अकरा वर्षं लागली. त्याची कागदपत्रं आणखी जुनी आहेत."

ती हसली, पण लगेच गप्प झाली. त्या आठवड्यात तिचं हसू असंच अर्ध्यावर थांबत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला एका कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं होतं, आणि कुठल्या, ते तिचं ठरत नव्हतं.

हा कोपऱ्यांचा प्रकार मला पहिल्यांदा पाहिला तेव्हा खराच वाटला नव्हता. अध्यक्ष दुसऱ्यांदा उभे राहणार असले की त्यांच्याविरुद्ध कुणाला उतरवायचं, याचा आमच्या पक्षाचा पहिला कौल आमच्या राज्यात लागतो. त्यासाठी गावोगावी सभा भरते. आमच्या गावाची सभा शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या बंदिस्त हॉलमध्ये असते. तिथे चिठ्ठी नाही की पडदा नाही. भिंतीवर उमेदवारांची नावं चिकटवलेली असतात. ज्याला जो हवा त्याने त्या नावाखाली जाऊन उभं राहायचं, शेजारीपाजारी, दुकानदार, पाद्री, सगळ्यांच्या देखत. मग डोकी मोजतात. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधरा डोकी भरत नाहीत तो कोपरा मोडतो. मग अर्धा तास बाकीच्या कोपऱ्यांतले लोक मोडलेल्या कोपऱ्यात येतात, समजावतात, केकचे तुकडे दाखवतात, आणि माणसं आपल्याकडे घेऊन जातात. जागचं हलायचं नसेल तर सक्ती नाही, पण मग ते डोकं मोजणीत धरत नाहीत. लहानपणी गावाकडे मी बोटावरची शाई आणि दुमडलेली मतपत्रिका पाहिलेली. कुणाला मत दिलं हे बाबांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे इथे जिमच्या मधोमध माणसं पायांनी मत देतात हे बघून मी पहिल्या वर्षी प्रेक्षकांच्या बाकावर बसून नुसती बघतच राहिले होते.

आर्डिस जिथे उभी राहायची तिथे निम्मं गाव जायचं. याचं कारण स्वयंपाकघर. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची पाच मी तिच्या हाताखाली होते. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाने तिच्या हातची राजमा-खिम्याची चिली आणि त्याच ताटात सिनॅमन रोल खाल्लेला आहे. परत आलेल्या ताटावरून तिला पोराच्या घरी काय चाललंय ते कळायचं. सोमवारी जी ताटं चाटूनपुसून यायची त्यांची नावं ती लक्षात ठेवायची, आणि शुक्रवारी त्या पोरांच्या दप्तरात गुपचूप काहीतरी जायचं. अध्यक्षांवर तिचा राग होता तो याच गोष्टीवरून. त्यांच्या सरकारने शाळेतली फुकट न्याहारी बंद केली होती. "बाकी धोरणं मला कळत नाहीत," ती म्हणायची. "हे कळतं. ह्या माणसाला घरी पाठवायचा आहे."

म्हणून तिला चांगला उमेदवार नको होता. तिला जिंकणारा हवा होता. ते ओळखायचं तिचं माप म्हणजे व्हर्लिन.

व्हर्लिन अध्यक्षांचा मतदार. त्याच्या गोठ्याच्या भिंतीवर त्यांचा फलक आहे, बर्फातसुद्धा लांबून दिसतो. आर्डिसचं म्हणणं असं, की आपल्यासारख्यांची मतं आपल्यालाच आहेत, जिंकायचं तर व्हर्लिनसारख्या दहातल्या एका माणसाचं मन वळायला हवं. त्यामुळे कुठलाही उमेदवार गावात येऊन गेला की ती एकच प्रश्न विचारायची: व्हर्लिनला काय वाटेल?

"गव्हर्नर हॅसल्टाइन," तिने आता सुरुवात केली आणि लोकरीचं मिटन घातलेला हात पुढे धरला, जणू गव्हर्नर त्याच्यावर उभा आहे. "उंच आहे. दोनदा जिंकलाय, तेही अध्यक्षांच्याच मुलखात. शेतीचं बोलतो. चर्चच्या तळघरातल्या जेवणाला आला तेव्हा स्वतःची ताटली स्वतः उचलून ठेवली."

"कॅमेरा होता."

"होता. पण ठेवली. व्हर्लिनला तो चालेल."

"आणि तू विचारलंस तेव्हा तो काय म्हणाला होता?"

कारण ती प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न विचारायची, गेल्या कितीतरी निवडणुकांपासून तोच: तुमच्या घरी सणाला जेवायला जे बसतात त्यात अध्यक्षांना मत देणारं कोण आहे, आणि त्याच्याशी तुम्ही काय बोलता?

"म्हणाला, देवाच्या दयेने आमचं सगळं घर माझ्या पाठीशी आहे." आर्डिसने नाक मुरडलं. "टाळ्या पडल्या."

"आणि ऑइलरबाई?"

सिनेटर विनिफ्रेड ऑइलर पूर्वीची नर्स, वय अडुसष्ट, बुटकी, आवाज थोडा घोगरा. आर्डिसचा प्रश्न ऐकून तिने हातातला कप खाली ठेवला होता. मग म्हणाली होती, "माझा मोठा भाऊ. आम्ही जेवताना बोलत नाही. जेवण झालं की मी भांडी घासते, तो पुसतो, आणि तेव्हा भांडतो. पाठमोरं असलं की खरं बोलता येतं." त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण तळघरातल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या होत्या, ते मी पाहिलं होतं.

"मला ती आवडते," आर्डिस म्हणाली. "अगदी खरं सांगायचं तर या सगळ्यांत तीच. अध्यक्षांना धारेवर धरेल ती. पण व्हर्लिन बाईला मत देणार नाही."

हे वाक्य मी त्या महिनाभरात किती जणांकडून ऐकलं होतं. सकाळी चर्चमध्ये कॉफीच्या टेबलावर पाच बायका होत्या. मी त्यांच्या चर्चची नाही, पण कॉफीला जाते, कप धुवायला हात लागतो आणि देवाच्या घरी जायला मला कुठलंही दार चालतं. पाचही जणी म्हणाल्या, आम्हाला ऑइलर आवडते, पण लोक तिला मत देणार नाहीत. आमच्या किराणावाल्याला ऑइलर आवडत होती, पण लोक मत देणार नव्हते. पाद्रीबुवांचंही तेच. मला नवल वाटायचं ते याचं, की ज्याला त्याला ती आवडते, मग हे लोक म्हणजे कोण? ते राहतात कुठे?

गंमत म्हणजे मी स्वतः त्यातच होते. यंदा गव्हर्नरच्या कोपऱ्याची मुकादम मी होते. निळा बिल्ला घरी फ्रीजवर लावून ठेवला होता. मोडलेल्या कोपऱ्यांतून माणसं वळवून आणायचं काम माझं, आणि त्यासाठी माझं नाव आर्डिसनेच दिलं होतं, डिसेंबरात, तिचं स्वतःचं गव्हर्नरवर ठरल्यासारखं होतं तेव्हा. काय बोलायचं तेही तिनेच रोज फोनवर घोकून घेतलं होतं.

"आर्डिस, तू व्हर्लिनला कधी विचारलंस?"

"काय?"

"हेच. कुणाला मत देशील म्हणून."

ती रस्त्यात थांबली. "अगं, असं विचारतात का कुणाला?"

"उद्या तर तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहणार."

"ते वेगळं. तिथे आपण आपल्या पायांनी जातो. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याचं मत विचारायचं म्हणजे… त्याचं वजन विचारल्यासारखं आहे ते."

"मग त्याला काय वाटतं ते तुला कसं कळतं?"

"साठ वर्षं ओळखते मी त्याला," ती म्हणाली, आणि चालायला लागली. पण तिची चाल मंदावली. बऱ्याच वेळाने, व्हर्लिनच्या धान्याच्या कोठ्या दिसायला लागल्यावर, ती ओरिनबद्दल बोलली. ते मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही एक अध्यक्ष दुसऱ्यांदा उभे होते आणि त्यांना घरी पाठवायचं होतं. ओरिनला एक माजी शाळामास्तर आवडले होते, शेजारच्या राज्यातले, कुठेही फारसे नाव नसलेले. ओरिन सभेला कधी बोलायचा नाही, बायको जाईल त्या कोपऱ्यात मागे उभा राहायचा. त्या वर्षी मात्र तो एकटा चालत मास्तरांच्या कोपऱ्यात गेला. त्यांच्याकडे नऊ डोकी झाली, बारा हवी होती. कोपरा मोडला.

"आणि मी गेले त्याला आणायला," आर्डिस म्हणाली. "सगळी जिम ओलांडून. त्याच्या कानात सांगितलं, ओरिन, माणूस चांगला आहे, पण व्हर्लिनसारखे लोक त्याला मत देणार नाहीत. तो माझ्याकडे बघत राहिला. काही बोलेल असं वाटलं. मग त्याने टोपी डोक्यावर घातली आणि माझ्यामागून आला."

"मग?"

"मग आम्ही निवडला तो आपटला. या जिल्ह्यातसुद्धा. पुढच्या दोन सभांना ओरिन मला सोडायला यायचा आणि बाहेर पिकअपमध्ये हीटर लावून बसायचा. मला वाटायचं, त्याला गर्दी आवडत नाही."

व्हर्लिन दारातच उभा होता, पायांशी म्हातारा कुत्रा.

"अर्ध्या तासापासून दिसताय तुम्ही दोघी," तो म्हणाला. "आर्डिसचे हात हलत होते, तेव्हाच कळलं राजकारण चाललंय."

"थंडी होती म्हणून हलवत होते."

"चार वर्षांनी एकदाच वाजते वाटतं तुला थंडी."

त्याच्या स्वयंपाकघरात फुलाफुलांचं प्लास्टिक घातलेलं टेबल होतं, बियाणं कंपनीचं कॅलेंडर, आणि खिडकीत त्याच्या गेलेल्या बायकोची आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी, जिवंत. त्याने पाणचट कॉफी ओतली. डबा उघडून एक रोल उचलला.

"मागच्या आठवड्यात दालचिनी जास्त झाली होती."

"मग परत करायचे होतेस."

"केले असते. पण कुत्र्यानेही खाल्ले नाहीत, म्हणून मलाच संपवावे लागले."

गुडघ्याचं बोलणं झालं. येणाऱ्या बर्फाचं झालं. शेजारच्या शेताचा लिलाव झाला होता, ट्रॅक्टर कुणी नेला त्याचं झालं. दोघं एकमेकांशी बोलताना खिडकीकडे बघत होते, जणू मत बाहेर कुठेतरी उभं आहे आणि त्याला आत बोलवायचं नाही. मी कॉफीच्या कपाला बोटं शेकत बसले होते. मग मला वाटलं, मी इथली असून इथली नाही, याचा निदान एवढा तरी उपयोग व्हावा. मनात देवाचं नाव घेतलं आणि विचारून टाकलं.

"व्हर्लिन, आम्ही उद्या कुणाला निवडलं तर नोव्हेंबरच्या निवडणुकीत तू त्याला मत देशील?"

"अगं!" आर्डिस म्हणाली.

व्हर्लिनने रोल खाली ठेवला. बोटांची साखर पँटला पुसली. मला वाटलं, आता हा उठून दार उघडणार. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात कधीच न विचारल्या गेलेल्या मुलाला अचानक प्रश्न विचारावा तसा तो सावरून बसला.

"मला हे आजवर कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "बहुतेक अध्यक्षांनाच देईन. माणूस तोंडाळ आहे, पण देईन."

"गव्हर्नर हॅसल्टाइन उभा राहिला तरी?" हे आर्डिसने विचारलं. कपाकडे बघत, पण तिनेच.

"तो उंच? चांगला माणूस आहे. गुरांच्या बाजारात आला होता, बूट नवे होते. माझ्यासारखं बोलायचा प्रयत्न करत होता. आता मला माझ्यासारखा माणूस कशाला हवाय? माझ्यासारखा मी आहेच."

"आणि ऑइलरबाई?"

व्हर्लिन हसला. त्याला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नव्हतं.

"ती माझ्याशी भांडली."

"कधी?"

"तीन आठवडे झाले, तिथेच, बाजारात. न्याहारीवरून. मी म्हटलं, पोरांना आईबापांनी खायला घालावं, सरकारचा काय संबंध? तर म्हणाली, वासराला आईचं दूध कमी पडलं तर तुम्ही काय करता? मी म्हटलं, बाटलीने पाजतो. म्हणाली, गायीचा राग वासरावर काढत नाही ना?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? कॉफी संपवली आणि घरी आलो. अजून उत्तर शोधतोय."

"म्हणजे तिला मत देशील?" मी विचारलं.

"तसं म्हटलं नाही मी. तुम्ही दोघी काहीतरी भलतंच गावात सांगाल." त्याने बोट उगारलं. "एवढंच म्हणतो, की मी अध्यक्ष असतो तर त्या उंच माणसाच्या समोर निवांत झोपलो असतो. हिच्यासमोर झोप लागली नसती."

आर्डिस म्हणाली, "मला वाटायचं, तू बाईला मत देणारच नाहीस."

"का? या घरात सत्तावन्न वर्षं कुणाचं चाललं असं वाटतं तुला?" त्याने खिडकीतल्या कुंडीकडे मान हलवली. "तू कधी विचारलंस? त्या मास्तरांच्या वेळीही नव्हतं विचारलंस."

"कुठले मास्तर?" आर्डिसने विचारलं. कुठले ते तिला माहीत होतं.

"ओरिनचे. त्या वर्षी तुम्ही त्यांना उभं केलं असतं तर माझं मत त्यांनाच होतं. ओरिनला म्हटलं होतं मी. आम्ही दोघं कोठीत मका भरत होतो. काय खूश झाला होता! म्हणाला, आर्डिसला सांगतो." व्हर्लिनने कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग मलाच कसंतरी वाटलं. म्हटलं, नको सांगू कुणाला, माझं मत माझ्यापाशी राहू दे. शब्द घेतला त्याच्याकडून."

मी आर्डिसकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. ती उठली, तिने आपला कप सिंकमध्ये नेऊन धुतला, माझा धुतला, मग त्याचा अर्धा भरलेला कपही ओतून धुतला. मागच्या आठवड्याचा रिकामा डबा तिने काखेत घेतला.

"येते, व्हर्लिन."

"दालचिनी यावेळी बरोबर आहे," तो म्हणाला.

शेवटच्या मैलाला वारा आडवा होता. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नुसतं चालतंय ते त्या रस्त्यावर ओळखता येत नाही. मी स्तोत्र म्हणायला लागले, पण शब्द चुकत होते. अर्धा मैल तिच्या तोंडी उमेदवारांचं नाव नाही की हात हलणं नाही.

मग ती म्हणाली, "त्याला माहीत होतं."

"हो."

"मी त्याच्या कानात सांगत होते, व्हर्लिन मत देणार नाही, आणि त्याला माहीत होतं की देणार आहे."

"भावाला शब्द दिला होता त्याने."

"दिला होता. आणि पाळला. मला वाटलं, त्याला पटलं म्हणून तो आला. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलेय की माझं सांगणं ओरिनलाही पटलं होतं."

तिच्या घरासमोरची टपालपेटी लांबून दिसायला लागली. ती पुन्हा नेहमीच्या चालीने चालायला लागली होती.

"उद्या मी ऑइलरच्या कोपऱ्यात उभी राहणार," ती म्हणाली.

"मग अर्धं गाव तिकडे येईल. कोपरा मोडणारच नाही."

"म्हणूनच आज कुणाला सांगायचं नाही. फोन आले तर मी उचलणार नाही. आणि उद्या जिममध्ये मी शेवटी जाणार, सगळे आपापल्या जागी उभे राहिल्यावर. माझ्या मागून कुणी यायला नको. त्यांना ज्यांना निवडायचं त्यांना निवडू दे. मी इतकी वर्षं त्यांच्या वतीने व्हर्लिनचं मन ओळखत बसले, आणि तेही चुकीचं."

"पण मग अकरा डोकी होतील का?" साधारण सत्तरेक माणसं येतात, तेवढ्यांत अकरा लागतात.

"कॉफीच्या टेबलावरच्या पाच जणी खरं बोलत असतील तर होतील. लोकांना काय वाटेल म्हणून त्या गव्हर्नरकडे गेल्या तर नाही होणार." ती जराशी हसली. "बघू तरी, हे लोक कोण आहेत ते."

हे तिच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं. पण माझा निळा बिल्ला फ्रीजवर होता. उद्या ऑइलरचा कोपरा मोडला तर जिम ओलांडून तिकडे जाणारी पहिली मीच असणार होते. आर्डिस टॉलेफ्सनला वळवून आण, असं गव्हर्नरची माणसं मलाच सांगणार होती, कारण ती माझं ऐकते हे सगळ्यांना माहीत होतं. बोलायचं काय ते मला पाठ होतं. तिनेच पाठ करून घेतलं होतं: माणूस चांगला आहे, पण लोक मत देणार नाहीत.

टपालपेटीपाशी ती थांबली. रिकामा डबा तिने पेटीवर ठेवला, मिटन काढलं, आणि उघड्या हाताने माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"तू बिल्ला काढून टाक असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "मीच तुला ते काम दिलंय, ते नीट कर. बाकीच्यांना खुशाल समजाव. मला एकच मागायचं आहे तुझ्याकडे."

"बोल ना."

"उद्या आमचा कोपरा मोडला आणि मी तिथे एकटी उभी दिसले, तर मला न्यायला येऊ नकोस."